भोंग्याचा खेळ थांबवा!

२०२५ सालच्या १३ जूनच्या पहाटे, तीनच्या सुमारास, इस्रायलमधील लोद या शहरात प्रस्तुत लेखकाने आयुष्यात प्रथमच हवाई हल्ल्याचा खराखुरा भोंगा ऐकला. 'खराखुरा' हा शब्द मुद्दाम योजला आहे. कारण त्याआधी जेमतेम महिनाभर आपण सर्वांनी हाच आवाज आपापल्या दिवाणखान्यात बसून, चहाचे घोट घेत, मनसोक्त ऐकला होता. 'ऑपरेशन सिंदूर'च्या त्या दिवसांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर निवेदकाच्या पाठीमागे तांबड्या ज्वाळा आणि मध्येमध्ये भोंगा, असा देखावा रात्रंदिवस चालू होता. भोंगा म्हणजे बातमीची फोडणी, अशीच जणू वाहिन्यांची समजूत झाली होती. (महाराष्ट्रात 'भोंगा' म्हटले की हल्ली निराळेच राजकारण आठवते, तो विषय येथे नाही.)

लोदला जाण्याचे कारण अगदी साधे होते. बेने इस्रायली समाजातील जी वृद्ध मंडळी कोकणातून आणि मुंबईतून तिकडे जाऊन स्थायिक झाली, त्यांच्या तोंडची मराठी आता फार थोड्या घरांत उरली आहे. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्या देशात ज्यांनी नेटाने चालवले, त्या पिढीचे बोलणे कानाने ऐकावे, जमल्यास ध्वनिमुद्रित करावे, एवढाच हेतू होता. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी ऐंशी ओलांडलेल्या. बालपण अलिबागजवळ आणि तारुण्य मुंबईच्या मांडवी भागात गेलेले. १९६५ च्या युद्धातला मुंबईचा अंधार त्यांनी पाहिलेला होता. गल्लीतून फिरणारा वॉर्डन, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर लावलेला अर्धा काळा रंग, हे सारे त्यांना लख्ख आठवत होते. त्यानंतर काही वर्षांतच त्या इस्रायलला गेल्या आणि १९७३, १९९१ आणि त्यापुढचे भोंगे त्यांच्या वाट्याला आले.

त्या पहाटे भोंगा झाला, भ्रमणध्वनी किंचाळला आणि प्रस्तुत लेखक, सांगायला लाज वाटते, पण प्रथम धावला तो सज्जाकडे. हातात भ्रमणध्वनी, त्यावर चित्रीकरण चालू. आकाशात काय दिसते ते पाहावे, जमल्यास टिपावे, हा पत्रकाराचा संस्कार म्हणा किंवा पाहुण्याचे कुतूहल म्हणा. पाठीमागून मावशींचा आवाज आला, "अरे बाबा, तमाशा बघायला आलास काय? चल खाली!" आणि त्या वयात, गुडघे धरत, त्या जिना उतरू लागल्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी होती. ती पिशवी दाराच्या खिळ्याला कायम टांगलेली असे, हे नंतर लक्षात आले.

इमारत जुनी, चार मजली. घराघरांत सुरक्षित खोली नाही. तळघरात सर्वांसाठी मिळून एक आश्रयस्थान. त्याला तिकडे 'मिक्लात' म्हणतात. सिमेंटच्या जाड भिंती, लोखंडी दार, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कोणाची तरी मोडकी सायकल. पुढले नऊ-दहा दिवस रात्रीचा बराच वेळ तेथेच गेला. रशियन बोलणारे एक वृद्ध गृहस्थ बुद्धिबळाचा पट मांडून बसत. शेजारच्या जिन्यातले एक अरब कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन येई. लोद हे ज्यू आणि अरब यांच्या मिश्र वस्तीचे शहर. २०२१ साली तेथे दोन्ही समाजांत भीषण दंगल झाली होती. तळघरात त्याची आठवण कोणी काढली नाही, पण कोणी विसरलेही नव्हते, हे खुर्च्यांच्या मांडणीवरून कळत होते. एवढे मात्र खरे की, दार लावताना कोणी कोणाला बाहेर ठेवले नाही.

हल्ल्याचा अनुभव म्हणजे स्फोटाचा आवाज, अशी आपली कल्पना असते. वास्तविक तो भाग सर्वांत लहान. इराणहून निघालेल्या क्षेपणास्त्राला पोचायला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. आधी भ्रमणध्वनीवर पूर्वसूचना येते, नंतर भोंगा, त्यानंतर हाती दीडेक मिनिट. मग दार बंद आणि वाट पाहणे. दूरवर काही धडधड होते, ट्यूबलाइट थरथरते. क्षेपणास्त्र हवेतच पाडले की जमिनीवर पडले, हे आत बसलेल्या माणसाला कळत नाही. मुले मात्र आवाजावरून सांगत. आठ वर्षांच्या मुलाला हे ज्ञान असावे, याचे वैषम्य त्याच्या आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. बाहेर यायचे ते सूचना आल्यावरच. कंटाळा आला म्हणून नव्हे. दिवसा आणखी एक गोष्ट खटके, ती म्हणजे शांतता. बेन गुरियन विमानतळ लोदच्या अगदी शेजारी. एरवी छपरावरून विमाने जात असतात. हवाई हद्द बंद झाली, विमाने देशाबाहेर हलवली गेली, आणि त्या गावावर एक विचित्र निःशब्दता पसरली. पाहुण्याला तिचा अर्थ एवढाच की, परतीचा मार्ग संपला.

त्या युद्धाच्या उचित-अनुचिततेचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. आपण त्यापासून काय शिकतो, हा आहे.

एका खोलीची किंमत

इस्रायलच्या शौर्याची कौतुके आपल्याकडे पुष्कळ होतात. या पृष्ठांवरही झाली आहेत. व्याख्यानांतून मोसादच्या कथा सांगितल्या की सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. परंतु त्या राष्ट्राचे खरे सामर्थ्य ज्या नीरस गोष्टीत आहे, तिचा उल्लेख आपण चुकूनही करत नाही. ती गोष्ट म्हणजे इमारत बांधकामाचे नियम! १९५१ साली, म्हणजे राज्य स्थापन होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, नागरी संरक्षणाचा कायदा करून त्यांनी इमारतींत आश्रयस्थान बांधणे बंधनकारक केले. त्या वेळी तो देश निर्वासितांनी भरलेला होता, अन्नधान्याचे वाटप शिधापत्रिकेवर होत होते, हे लक्षात घ्यावे. १९९१ साली सद्दामची स्कड क्षेपणास्त्रे आली. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर वायुरोधक मुखवटे चढवून खोल्यांत बसले. त्या अनुभवातून १९९२ साली नागरी आघाडीसाठी सैन्याचे स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले आणि पुढे प्रत्येक नव्या सदनिकेत प्रबलित काँक्रीटची एक सुरक्षित खोली सक्तीची झाली. 'ममाद' हे तिचे नाव. जाड भिंती, पोलादी झडप असलेली खिडकी, जड दार. एरवी तीत मुलांची निजण्याची खोली असते किंवा इस्त्रीचे टेबल.

२००५ पासून त्यांनी आणखी एक योजना राबवली, ती मुंबई-पुण्याच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. जुन्या इमारतींना भूकंपाविरुद्ध बळकटी द्यायची, त्याच वेळी प्रत्येक घराला सुरक्षित खोली जोडायची, आणि या खर्चापोटी विकासकाला वर वाढीव मजले बांधू द्यायचे. म्हणजे आपल्याकडील पुनर्विकास आणि वाढीव चटईक्षेत्र यांचाच हा प्रकार! फरक एवढाच की, तिकडे वाढीव मजल्याच्या बदल्यात जीव वाचवणारी खोली मागितली गेली. आपल्याकडे आपण काय मागतो? पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, दोन मोटारींची जागा, आणि प्रवेशद्वारात संगमरवरी पाटी. हे कोणा एका विकासकाचे पाप नाही. मागणारे आपणच आहोत.

तिकडे सारे आलबेल आहे, असेही कोणी समजू नये. तेथील राज्य लेखापालाच्या अहवालानेच दाखवून दिले आहे की, चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना योग्य आश्रय उपलब्ध नाही. याच युद्धात १४ जूनच्या रात्री तामरा या अरब गावी एकाच कुटुंबातील चार स्त्रिया मारल्या गेल्या, आणि त्या गावात सार्वजनिक आश्रयस्थानच नाही, हे साऱ्या देशाला त्यानंतर कळले. पेताह तिक्वा येथे क्षेपणास्त्र थेट सुरक्षित खोलीच्या भिंतीवर आदळले आणि आतली माणसे गेली. कोणतीही खोली अभेद्य नसते. मात्र १९ जून रोजी बिर शेबा येथील सोरोका रुग्णालयाच्या ज्या भागावर क्षेपणास्त्र पडले, तेथील रुग्ण आदल्याच दिवशी हलवण्यात आले होते, आणि कोणी दगावले नाही. ही दैवाची कृपा नव्हे. कोणीतरी कागदावर आधी विचार केलेला होता.

उलट बाजूस तेहरानकडे पाहावे. अणुकार्यक्रम, क्षेपणास्त्रांचे साठे, देशोदेशी पोसलेल्या सशस्त्र टोळ्या, यांवर अमाप धन ओतणाऱ्या राजवटीने लाखोंच्या आपल्या राजधानीत सामान्य माणसासाठी आश्रयस्थाने बांधली नव्हती. हल्ले सुरू झाल्यावर मेट्रोची स्थानके, मशिदी आणि शाळा उघड्या ठेवण्याची घोषणा झाली. लोक मोटारी काढून उत्तरेच्या रस्त्याला लागले. इराणच्या सरकारी आकड्यांनुसार नऊशेहून अधिक माणसे मेली. गाझात तर भुयारांचे जाळे होते, परंतु ती भुयारे लढणाऱ्यांसाठी आहेत, नागरिकांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांची, असे हमासच्या नेत्यानेच २०२३ साली सांगून टाकले. युद्धाची भाषा करणारा राज्यकर्ता आपल्या प्रजेला काय समजतो, हे त्याच्या तोफांवरून कळत नाही, तळघरांवरून कळते.

आपले काय?

आता आपल्याकडे वळू. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत 'ऑपरेशन अभ्यास' नावाचा सराव योजण्यात आला. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर यांसारखी ठिकाणे त्यात होती. योग्य पाऊल होते, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु त्या सरावाची आपल्या समाजाने केलेली वासलात आठवा. एका बाजूला तथाकथित बुद्धिवादी मंडळी होती. 'हा सारा भीती पसरवण्याचा प्रयोग', 'पुन्हा थाळ्या वाजवायला सांगतील', असे टोमणे मारण्यात त्यांचा दिवस गेला. यांच्यापैकी एकालाही पूंछ शहर नकाशावर दाखवता आले असते की नाही, देव जाणे. त्याच ७ मे रोजी पाकिस्तानी तोफगोळ्यांनी पूंछमध्ये डझनाहून अधिक नागरिकांचे प्राण घेतले, लहान मुलांसकट. सीमेवरील गावांसाठी १४,४६० बंकर बांधण्याची योजना केंद्राने आखलेली होती, तिचा लाभही पुष्कळांना झाला. पण पूंछ शहरातल्या लोकांना धावून जायला जवळ बंकर नव्हता. तो सराव थट्टेचा विषय होता काय?

दुसऱ्या बाजूला, हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलेच पाहिजे, आपली स्वतःची मंडळी होती. 'एकदाचे होऊनच जाऊ दे' हे वाक्य त्या चार दिवसांत प्रस्तुत लेखकाने किती राष्ट्रभक्त घरांत ऐकले, याची गणती नाही. शस्त्रसंधी झाल्यावर पुष्कळांची निराशा झाली, ती सामना अनिर्णित राहावा तशी. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातमीवर पेढे वाटण्याची तयारी झाली होती. जम्मूत आणि पंजाबात ड्रोन पाडले जात होते तेव्हा लोक गच्च्यांवर जाऊन चित्रफिती काढत होते आणि त्या क्षणार्धात नाशिक-सोलापूरपर्यंत पोचत होत्या. म्हणजे लोदच्या सज्जाकडे धावलेला हा पाहुणा एकटा नव्हता. शत्रूच्या तोफखान्याला नेमके कुठे पडले ते कळवण्याची सेवा आपण फुकट देत होतो. राष्ट्रभक्तीच्या नावाने!

आणि वाहिन्या? १० मे २०२५ रोजी अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण आणि गृहरक्षक दल यांच्या महासंचालनालयाला सर्व प्रसारमाध्यमांना लेखी कळवावे लागले की, लोकशिक्षणाचा कार्यक्रम वगळता नागरी संरक्षणाच्या भोंग्याचा आवाज वापरू नका. तो सतत कानी पडला तर खऱ्या वेळी लोकांना त्याचे गांभीर्य राहणार नाही, असे कारण त्यात दिले होते. स्वतंत्र राष्ट्रातील सुशिक्षित संपादकांना हे सांगावे लागावे? गावात रोज कोणी गंमत म्हणून 'आग, आग' ओरडू लागला तर आपण त्याला काय म्हणतो? ज्या वाहिनीने सीमेवरच्या मुलांच्या जिवावर आपला प्रेक्षकवर्ग वाढवला, तिची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांचा साबण आपल्या न्हाणीघरात आहे, एवढे तरी ध्यानात असावे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. आपल्या हवाई संरक्षण यंत्रणेने मे महिन्यात उत्तम कामगिरी केली, एस-४०० आहे, आकाश आहे. मग तळघरांची चिंता कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही देतो. इस्रायलची यंत्रणा जगातील सर्वोत्तमांपैकी गणली जाते. तिनेही बहुसंख्य क्षेपणास्त्रे पाडली. उरलेल्यांनी बात याम, रमात गान, रेहोवोत येथे इमारती पाडल्या आणि हैफाचा तेलशुद्धीकरण प्रकल्प बंद पाडला. चाळण कितीही बारीक असली तरी काही ना काही खाली उतरतेच. तेलशुद्धीकरण म्हटल्यावर मुंबईकरांना चेंबूर-माहुल आठवायला हवे.

दीड कोटीच्या मुंबईत घरोघर सुरक्षित खोली बांधता येणार नाही, हेही मान्य. पण लंडनने काय केले? ७ सप्टेंबर १९४० ला जर्मन बॉम्बफेक सुरू झाली आणि ५७ रात्री अखंड चालली. भुयारी रेल्वेत आश्रय घेण्यास सरकारचा प्रथम विरोध होता. लोकांनी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर येण्याचे नाकारले! मग सरकार शहाणे झाले, फलाटांवर खाटा आल्या, शौचालये आली. कीव्ह शहरात जमिनीखाली १०५ मीटर खोल असलेल्या अर्सेनाल्ना स्थानकात आजच्या काळात माणसे राहिली. २०२२ साली खार्किवच्या भुयारी स्थानकांत आपली भारतीय मुले, त्यांत कितीतरी मराठी, थंडीत दिवसचे दिवस बसली होती. 'ऑपरेशन गंगा'ची विमाने त्यांना नंतर मिळाली, आधी जीव वाचवला तो त्या भुयारांनी. युक्रेनमध्ये शाळकरी मुलालाही 'दोन भिंतींचा नियम' ठाऊक आहे: खाली जायला वेळ नसेल तर बाहेरच्या जगात आणि आपल्यात निदान दोन भिंती येतील अशा जागी, खिडकीपासून दूर बसावे. याला पैसा लागत नाही.

मुंबईत आरे ते कफ परेड हा ३३ किलोमीटरहून लांब भुयारी मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाला. आपल्या घरापासून त्याचे कोणते स्थानक किती मिनिटांवर, तेथे किती माणसे मावतील, वृद्धांना कोण नेईल, हे आपल्या इमारतीच्या सूचनाफलकावर लिहिलेले आहे काय? निदान भोंग्याची भाषा तरी घरातल्या प्रत्येकाला येते काय? वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका. एकसारखा सरळ आवाज म्हणजे धोका टळला. १९६५ आणि १९७१ च्या मुंबईत हे पोराटोरांना पाठ होते.

विसरण्याची कला

खेदाची बाब ही की, या विषयात महाराष्ट्र कधी काळी अग्रेसर होता. गृहरक्षक दलाचा प्रारंभ डिसेंबर १९४६ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात झाला, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ साली स्थापन झाली ती नागपुरात, आणि पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ती देशभर ओळखली गेली. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या अनुभवानंतर १९६८ चा नागरी संरक्षण कायदा आला. त्याही आधी, ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले तेव्हा मद्रास शहर भीतीने रिकामे झाले होते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यातून लोंढे बाहेर पडले. सराव नसलेल्या शहराचे काय होते, याचे धडे आपल्याच भूमीत आहेत. परंतु १९७१ नंतर आपल्या महानगरांवर बॉम्ब पडला नाही, आणि दोन पिढ्यांत युद्ध हा दुसऱ्याच्या अंगणातला प्रसंग होऊन बसला. आपण सारे त्याचे पाहुणे.

नागरी संरक्षण दलाला स्वयंसेवक हवे असतात. शिस्तीची सवय असलेले, पहाटे उठू शकणारे, वस्तीतली घरे ओळखणारे. हे वर्णन वाचकांपैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. पूर आणि भूकंप यांत आपले तरुण धावून जातात हे खरेच. किल्लारीत गेले, भुजला गेले. पण तो धावा आपत्ती येऊन गेल्यावरचा. तिच्या आधीचे काम कंटाळवाणे असते. जिन्यातले सामान हटवा, वृद्धांची यादी करा, तळघराची किल्ली कोणाकडे ते ठरवा. त्याला ना घोषणा, ना छायाचित्र. म्हणूनच ते राहून जाते.

२२ जूननंतर भारतीय दूतावासाच्या व्यवस्थेने जॉर्डनमार्गे परतलो. निघताना मावशींनी औषधांची पिशवी पुन्हा खिळ्याला टांगली आणि विचारले, "मुंबईला तुमच्याकडे खाली जायला जागा आहे ना रे?" 'आहे' म्हणालो. खोटे बोललो.

सप्टेंबरात आमच्या सहनिवासाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. तळघरातील जुन्या खोलीत ठेवलेले निवडणुकीचे फलक, फुटके कुंड्यांचे तुकडे आणि गणेशोत्सवाचे मखर हलवून ती मोकळी करावी, वीज आणि पाण्याची सोय करावी, चाळीस सदनिकांतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी लावावी, असा लेखी प्रस्ताव दिला होता. पाहुण्यांच्या मोटारी कोठे उभ्या कराव्यात या विषयावर पावणेदोन तास चर्चा झाली. प्रस्ताव 'आयत्या वेळचे विषय' या सदरात आला तेव्हा अकरा सभासद उरले होते. चिटणीसांनी इतिवृत्तात नोंद केली: 'सदर विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.' तळघराची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नाही. मग आठवड्याने ती रखवालदाराच्या जुन्या डब्यात सापडली. कुलूप गंजलेले होते. आम्ही तिघांनी मिळून ते तोडले, आणि पुढच्या रविवारी सकाळी झाडू घेऊन खाली उतरलो.